टर्बो गाडीच्या प्लगचा हिशेब लेखी असावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या वेगवान मोटारींची ताकद कशी वाढवावी, याबद्दल वाहनविषयक पुरवण्यांतून हल्ली पुष्कळ लिहून येते. रिमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातली आकडेमोड बदलणे), मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा विषय मात्र 'सोबत एक पायरी थंड असे इरिडियम प्लग बसवून घ्यावेत' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. हे वाक्य काही इंजिनांच्या बाबतीत बरोबर असते, काहींच्या बाबतीत अनावश्यक असते आणि काहींच्या बाबतीत चक्क घातक ठरते. प्लगमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. इंजिनात प्रत्यक्ष जेवढा दाब आणि जेवढी उष्णता निर्माण होते, तिला पुरे पडणे एवढेच त्याचे काम आहे. त्यामुळे दाब आणि उष्णता यांचा हिशेब न मांडता निवडलेला प्लग कितीही नामांकित असला तरी तो अंदाजानेच बसवलेला असतो. चुकीच्या निवडीची झळ थेट पिस्टनला लागते, म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहे.

साध्या इंजिनात बाहेरची हवा वातावरणाच्या दाबानेच आत येते. टर्बोने एक बार बूस्ट (वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब) दिला की आत येणाऱ्या हवेचा एकूण दाब जवळपास दुप्पट होतो आणि त्यानंतर पिस्टन ती हवा आणखी दाबतो. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणून उष्णताही जास्त. या एका बदलामुळे प्लगपुढे दोन वेगळ्या अडचणी उभ्या राहतात. पहिली, प्लगचे टोक अधिक तापते. दुसरी, दाट झालेल्या मिश्रणातून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. पहिल्या अडचणीचे उत्तर प्लगच्या हीट रेंजमध्ये असते आणि दुसरीचे गॅपमध्ये, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधल्या अंतरात. बाजारात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की, गाडी जोरात पळवताना मिसिंग मारते म्हणून थंड प्लग विकत घेणारे आणि इंजिन नॉकिंग करते म्हणून गॅप कमी करणारे, असे दोन्ही प्रकारचे गाडीमालक सर्रास भेटतात.

हीट रेंज म्हणजे प्लग आपल्या टोकाची उष्णता किती वेगाने इंजिनच्या हेडकडे (सिलिंडरवरच्या झाकणाकडे) पोचवतो, याचे माप. ठिणगीच्या जोराशी त्याचा काही संबंध नाही. प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या पोर्सेलिनचे जे नाक असते, ते लांब असेल तर उष्णतेला धातूच्या बाहेरच्या कवचापर्यंत जायला लांबची वाट पडते आणि टोक गरम राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा थंड प्लग. टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, कारण त्याखाली पोर्सेलिनवर बसणारी काजळी जळून जात नाही. आणि ते साधारण ८५० अंशांच्या खाली राहिले पाहिजे, कारण त्यापुढे टोक स्वतःच निखाऱ्यासारखे तापते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवू लागते. हीट रेंजची एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. वरची आणि खालची मर्यादा यांत मिळून चारशेच अंशांचे अंतर आहे, हे लक्षात घेतले तर 'सुरक्षिततेसाठी दोन पायऱ्या थंड घ्या' हा सल्ला किती सैलपणे दिला जातो ते कळेल.

येथे नॉकिंग आणि प्री-इग्निशन यांतला फरक सांगणे भाग आहे, कारण टर्बो इंजिनाचा सगळा धोका या फरकात दडलेला आहे. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते, ज्योत पसरू लागते आणि कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाब व उष्णता सहन न होऊन एकदम भडकते. इंजिनावरचा नॉक सेन्सर हा हादरा टिपतो आणि संगणक ठिणगीची वेळ काही अंश मागे घेऊन इंजिन सांभाळून घेतो. प्री-इग्निशनमध्ये मात्र मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटलेले असते. पिस्टन वर येत असतानाच ज्वलनाचा दाब त्याला खाली रेटू लागतो, आणि ठिणगी कितीही मागे घेतली तरी उपयोग होत नाही, कारण मिश्रण ठिणगीने पेटलेलेच नसते. पिस्टनला भोक पडणे, रिंगांमधला भाग तुटणे, प्लगचे टोक वितळणे हे प्रकार काही क्षणांत घडू शकतात. ताकद वाढवलेल्या इंजिनाला गरम प्लग का चालत नाही, याचे खरे कारण हे आहे.

अति दाबाची ही अडचण टर्बो मोटारींइतकीच जुनी आहे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही टर्बो मोटार विक्रीला आणली, तेव्हा तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते त्याचे प्रमाण) १०.२५ला १ इतके चढे ठेवले होते आणि नॉकिंग आवरण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावे लागे. त्या काळी ना नॉक सेन्सर होता ना संगणक. आज ही साधने आहेत म्हणून आपण अधिक बूस्ट निर्धास्तपणे वापरतो, परंतु प्लगच्या टोकाचे तापमान मोजणारा सेन्सर रस्त्यावरच्या गाडीत आजही नसतो, त्यामुळे ते काम निवड करणाऱ्या माणसाच्या समजुतीवरच सोपवलेले आहे.

मग सरळ सर्वांत थंड प्लग बसवला तर? स्पर्धेच्या ट्रॅकवर सतत पूर्ण थ्रॉटल देऊन (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) चालणाऱ्या इंजिनाला तो चालेलही. रोज गर्दीत, कमी वेगात, थोड्या थोड्या अंतरासाठी चालणाऱ्या गाडीत मात्र त्याचे टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. पोर्सेलिनवर काजळीचा थर चढतो, आणि काजळी वीजवाहक असल्यामुळे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलमधून आलेला विजेचा दाब गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून घसरत कवचाकडे निघून जातो. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागणे, आयडलिंगला थरथरणे, एखादे सिलिंडर मधूनच बंद पडल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. न जळालेले इंधन पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भाग तापून निकामी होऊ शकतो. रस्त्यावर रोज वापरायच्या गाडीला इंजिनाची सर्वाधिक उष्णता सहन करू शकेल असा, पण त्याहून अधिक थंड नसलेला प्लग हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक पायरी केव्हा उतरावी, याबद्दल प्लग बनवणारेच एक ढोबळ आडाखा देतात: मूळ ताकदीत साधारण ७५ ते १०० अश्वशक्तीची भर पडली तर एक पायरी थंड. हा आडाखा आहे, नियम नाही, आणि तोही इंजिनाचा आकार व सिलिंडरांची संख्या पाहूनच वापरायचा असतो, कारण चार सिलिंडरांवर वाढलेली शंभर अश्वशक्ती आणि आठ सिलिंडरांवर वाढलेली शंभर अश्वशक्ती यांत प्रत्येक प्लगवर पडणारा भार अर्थातच सारखा नसतो. ज्या गाडीत काहीच बदल केलेला नाही, तिला उत्पादकाने ठरवलेली हीट रेंजच ठेवावी. तो निर्णय त्यांनी इंजिन चाचणीच्या बाकावर तासन्‌तास चालवून, कडाक्याच्या थंडीतल्या स्टार्टपासून पूर्ण भारापर्यंत सगळे तपासून घेतलेला असतो. नुसता सौम्य रिमॅप असेल तर पुष्कळदा मूळ हीट रेंज राखून फक्त गॅप कमी करणे पुरते. मोठा टर्बो, वाढवलेला बूस्ट, ट्रॅकवरचा वापर, अशा ठिकाणी एक पायरी थंड प्लगला जागा आहे. दोन पायऱ्यांची गरज पडणारे इंजिन बहुधा रोजच्या वापराचे राहिलेलेच नसते.

पायरी मोजताना एक मोठा खड्डा आहे आणि त्यात जाणते विक्रेतेही पडतात. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होत जातो. शिवाय एनजीकेचा ७ आणि डेन्सोचा २२ हे जवळपास एकाच पायरीवरचे प्लग आहेत, म्हणजे आकड्यांची तुलना थेट करताच येत नाही. उदाहरण म्हणून एनजीकेचा 'बीसीपीआर७ईएस' हा क्रमांक घ्या. यातला बी हा १४ मिलिमीटरच्या आट्यांसाठी, सी हा पाना बसणाऱ्या १६ मिलिमीटरच्या षटकोनासाठी, पी म्हणजे पुढे आलेले पोर्सेलिनचे नाक, आर म्हणजे आतला रेझिस्टर, ७ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि एस हा इलेक्ट्रोडच्या नेहमीच्या रचनेचा. याच क्रमांकाच्या शेवटी '११' लागले तर कारखान्यातून आलेला गॅप १.१ मिलिमीटर आहे, असे समजायचे. हा शेवटचा आकडा न वाचता डबीतून काढलेले प्लग जसेच्या तसे टर्बो इंजिनात बसवले जातात आणि मग कॉइल बदला, पंप तपासा असा खर्चिक शोध सुरू होतो.

ताकद वाढवलेल्या एका दोन लिटरच्या टर्बो इंजिनातून काढलेले चारही प्लग मला भिंगाखाली नीट पाहता आले, त्याचा येथे उल्लेख करतो. तीन प्लगांची पोर्सेलिन फिकट बदामी रंगाची होती. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगचे नाक मात्र खडूसारखे पांढरे पडले होते आणि त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते. काही काळे, काही प्रकाशात चमकणारे. चमकणारे ठिपके ॲल्युमिनियमचे होते, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले. जमिनीच्या इलेक्ट्रोडवर (कवचाला जोडलेल्या, मधल्या टोकासमोर वाकवलेल्या पट्टीवर) उष्णतेने उमटणारी रंगाची रेघ वाकणाच्या जवळ असायला हवी होती, ती थेट बुडाच्या जोडापर्यंत उतरली होती. चौकशीत असे निघाले की, विक्रेत्याने 'एक पायरी थंड' म्हणून मूळ क्रमांकापेक्षा एक आकडा वरचा प्लग दिला होता, पण तो ज्या उत्पादकाचा होता, त्याच्या पद्धतीत वरचा आकडा गरम प्लगचा होता. तीन सिलिंडरांनी ते निभावून नेले. प्रत्येक इंजिनात एखादे सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापते, आणि चूक आधी तिथेच उघडी पडते. म्हणून प्लग काढताना ते सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत, ही मेकॅनिक बांधवांना आग्रहाची विनंती आहे. एका वाटीत टाकलेल्या चार प्लगांवरून कोणत्या सिलिंडरला त्रास आहे ते कोणीच सांगू शकत नाही.

आता गॅपकडे वळतो. वायूचा दाब आणि दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर यांचा गुणाकार वाढला की ठिणगी पडण्यासाठी लागणारा विजेचा दाबही वाढतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले. इंजिनातल्या परिस्थितीलाही साधारणपणे तेच तत्त्व लागू पडते. बूस्ट वाढवला आणि गॅप तेवढाच ठेवला, तर कॉइलला विजेचा अधिक दाब निर्माण करावा लागतो, आणि कॉइलची क्षमता संपली की ठिणगी पडतच नाही किंवा मिश्रणाच्या वेगवान झोताने विझून जाते. साध्या इंजिनांत १.० ते १.१ मिलिमीटरचा गॅप सर्रास असतो. टर्बो इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर पुष्कळदा दिसतो, आणि बूस्ट बराच वाढवला असेल तर ०.६ पर्यंतही उतरावे लागते. या अडचणीची खूण अशी की, गाडी हळू चालवताना अगदी सुरळीत असते आणि पूर्ण थ्रॉटल दिला की मधल्या आरपीएमवर झटके खाते. मधल्या आरपीएमवरच का, तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) जिथे सर्वाधिक असतो तिथेच सिलिंडरमधला दाबही सर्वाधिक असतो. पुष्कळ जण रेडलाइनजवळ (आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ) गाडी ठीक पळते म्हणून प्लगला निर्दोष ठरवतात, ते या कारणाने चुकीचे आहे.

गॅप कमी करण्यालाही मर्यादा आहे. फार लहान गॅपमध्ये ज्योतीचा पहिला अंकुर लहान राहतो, त्याची उष्णता इलेक्ट्रोडच शोषून घेतात आणि आयडलिंग खडबडीत होते. दुसरे असे की, गॅप कमी केल्याने झटके थांबले म्हणजे दोष गेला असे होत नाही. कमकुवत झालेल्या कॉइलवरचा भार तात्पुरता हलका झालेला असू शकतो. गॅप सारखा कमी करत न्यावा लागत असेल तर कॉइल, त्यांचे रबरी बूट आणि जोडण्या तपासाव्यात. शिवाय प्लग वापरात झिजतो तसा गॅप आपोआप रुंदावत जातो, त्यामुळे आज ०.७ वर नीट चालणारी गाडी काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा झटके खाऊ लागली, तर आधी प्लग काढून फीलर गेजने (अंतर मोजण्याच्या पट्ट्यांनी) मोजावे. कारखान्याने दिलेली प्लग बदलण्याची मुदत ही मूळ ट्यूनिंगची असते. रिमॅप केलेल्या गाडीने तीच मुदत धरून चालणे धाडसाचे आहे.

धातूच्या निवडीबद्दल जेवढा गाजावाजा होतो, तेवढी तिला किंमत नाही, पण ती अगदीच दुय्यमही नाही. निकेल साधारण १४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम जवळपास २४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक झिजू न देता ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक ठेवता येते, आणि बारीक टोकावर विजेचा दाब एकवटत असल्याने ठिणगीला तुलनेने कमी व्होल्टेज पुरते. टर्बो इंजिनात हा खरा फायदा आहे. निकेलच्या जाड टोकाचा प्लगही उत्तम काम करतो, फक्त तो लवकर झिजतो. जे वरचेवर ट्यूनिंग बदलतात आणि दर काही हजार किलोमीटरला प्लग बदलायची ज्यांची तयारी असते, त्यांनी निकेलचा प्लग वापरला तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. तांब्याचा गाभा मात्र या सगळ्यांतच असतो. उष्णता वाहून नेणे हे त्याचे काम, ठिणगी त्यावरून पडत नाही. दोन-चार जमिनीचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगांमधून एका वेळी अनेक ठिणग्या निघतात, हा समजही खरा नाही: ठिणगी प्रत्येक वेळी एकाच, सर्वांत सोप्या वाटेने जाते. अशा प्लगचे आयुष्य वाढते, ताकद वाढत नाही. आणि इरिडियमच्या प्लगचा गॅप बदलताना मधल्या टोकाला गेज टेकवून जोर देऊ नये. ते टोक ठिसूळ असते, तारेच्या गेजने मोजावे आणि फक्त जमिनीचे इलेक्ट्रोड हलक्या हाताने वाकवावे.

आट्यांची जाडी, लांबी आणि बसण्याची पद्धत मूळ प्लगसारखीच हवी, याबद्दल दुमत नसावे. आटे लांब पडले तर उघडे आटे ज्वलनकक्षात तापून मिश्रण पेटवतात किंवा पिस्टनला लागतात. आखूड पडले तर हेडच्या मोकळ्या आट्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसवताना आटे खराब होतात. रेझिस्टर नसलेला प्लग आधुनिक गाडीत बसवू नये, कारण त्याच्या विद्युत गोंगाटाने सेन्सर आणि संगणक गोंधळू शकतात. काही डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत जमिनीच्या इलेक्ट्रोडचे तोंड इंधनाच्या फवाऱ्याच्या संदर्भात ठरावीक दिशेलाच यावे लागते, आणि त्यासाठी आट्यांची सुरुवात मोजून केलेली असते. साब कंपनीच्या ट्रायॉनिक या इंजिन-नियंत्रण प्रणालीत तर ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या गॅपमधूनच आयन (विद्युतभारित कणांचा) प्रवाह मोजला जाई आणि त्यावरून नॉकिंग ओळखले जाई. अशा इंजिनात प्लग हाच सेन्सर असल्याने वेगळ्या रचनेचा प्लग बसवणे म्हणजे इंजिनाचे कान बदलणे होते. आपल्या गाडीत असे काही विशेष आहे का, हे प्लग मागवण्याआधी तपासलेच पाहिजे.

योग्य प्लग निवडूनही तो चुकीचा बसवला तर सगळी मेहनत वाया जाते. प्लगची बहुतेक उष्णता आटे आणि वॉशर यांच्यामार्फत हेडमध्ये जाते, त्यामुळे सैल राहिलेला थंड प्लगही गरम प्लगसारखा वागतो. इंजिन थंड असताना, आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवून, प्लग हातानेच आट्यात धरावा आणि टॉर्क पान्यानेच आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरतात; गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच मानावा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचे वंगण) चोपडण्याची सवय पुष्कळ गॅरेजांत आहे. आजच्या बहुतेक प्लगांच्या आट्यांवर मुळातच लेप असतो, आणि वंगण लावल्याने तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो, इतका की आटे ताणले जाऊन प्लगचे कवच मोडू शकते. बनावट प्लगांचा सुळसुळाटही आहे: छपाई पुसट, जमिनीचे इलेक्ट्रोड मध्यावर नसलेले, आटे खरखरीत, अशी लक्षणे दिसली तर प्लग परत करावा, मग डबी कितीही खरी दिसो.

आणखी एक गोष्ट, जिचा दोष विनाकारण प्लगवर ढकलला जातो. लहान आकाराच्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर एकदम जोर टाकला की अवेळी पेट घेण्याचा एक वेगळा प्रकार होतो. त्यात तेलाच्या थेंबांचा आणि साचलेल्या कार्बनचा हात असतो. याच कारणासाठी २०१८ मध्ये इंजिन तेलाचा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस हा दर्जा आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. अशा पेटण्याने प्लगची पोर्सेलिन फुटलेली आढळली तर नुसते नवे प्लग घालून गाडी परत देऊ नये. कोणते तेल वापरले जाते आणि चालक कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढतो का, हे विचारावे.

या सगळ्यावरून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, गाडीचे ट्यूनिंग करून देणाऱ्यांकडे. रिमॅप करून दिल्यावर ग्राहकाच्या हाती ताकदीचा आलेख दिला जातो. त्याच कागदावर प्लगचा पूर्ण क्रमांक, उत्पादकाचे नाव, बसवताना मोजलेला गॅप, आवळण्याचा टॉर्क, कोणत्या बूस्टसाठी आणि कोणत्या इंधनासाठी ही निवड केली, आणि पुन्हा किती किलोमीटरला प्लग काढून पाहावेत, हे लेखी द्यावे. पुढे ती गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली किंवा दुसऱ्याला विकली गेली, तर समोरच्या मेकॅनिकला मूळ पुस्तिकेतला प्लग घालायचा की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. आज अशा कितीतरी गाड्यांत नवा मालक अजाणता मूळ, गरम प्लग परत बसवतो आणि रिमॅप मात्र तसाच राहतो.

दुसरी मागणी आपल्याकडे, म्हणजे वाहनविषयक पाने सांभाळणाऱ्या संपादकांकडे. ताकद वाढवलेल्या एखाद्या गाडीबद्दल लेख छापताना तिच्यात कोणता प्लग कोणत्या गॅपवर बसवला आहे आणि चाचणीनंतर ते प्लग काढल्यावर कसे दिसले, याचे छायाचित्रासह चार ओळींचे टिपण जरूर द्यावे. अश्वशक्तीचा आकडा एका चाचणीपुरता असतो, पण ते इंजिन त्या ताकदीवर किती सुखाने चालत आहे, हे त्या छायाचित्रावरून जाणकार वाचक स्वतः ठरवू शकतील. तसे टिपण आपल्या पुरवणीत नियमाने येऊ लागले, तर त्यातल्या क्रमांकांचे आणि छायाचित्रांचे वाचन सोप्या भाषेत समजावून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
इंजिन दुरुस्तीच्या व्यवसायातील एक तंत्रज्ञ